दुपारी बरं होणारं मशीन

मंडळाच्या अंकासाठी लिहा, असं सांगताना संपादकांनी विषयही सुचवला होता: पुरुषांच्या क्षेत्रातली स्त्री. त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात मी दारातून आत गेले की लोक माझ्या मागे बघायचे, इंजिनियर कुठे राहिला म्हणून. मी टूलबॅग जमिनीवर ठेवून मशीनचं झाकण उघडलं की बघणं थांबायचं. या विषयाचं एवढंच. त्यापेक्षा मशीनबद्दल लिहिते.

मी वेल्डिंग मशीनच्या सर्व्हिसमध्ये आहे. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि वडिलांच्या शब्दांत सांगायचं तर 'मंत्रालयातली सावली सोडून उन्हात' गेले. तेव्हापासून ओखला, वजीरपूर, साहिबाबाद, फरीदाबाद, मानेसर. दिल्लीच्या भोवती जेवढं लोखंड जोडलं जातं, त्यातल्या बऱ्याच जागी मी कधी ना कधी जमिनीवर बसलेली आहे.

आमचं मुख्य मशीन तारेचं. कारखान्यात त्याला 'सीओटू' म्हणतात, कारण त्याला त्या गॅसची नळी जोडलेली असते. शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणा. रिळावरून दोरा येतो, सुईतून जातो, टाका पडतो. इथे रिळावर दोऱ्याऐवजी बारीक तार असते. दोन खाचेचे रोलर ती तार पकडतात आणि लांब लवचीक नळीतून वेल्डरच्या हातातल्या टॉर्चकडे पाठवतात. टॉर्चच्या टोकाला तांब्याची छोटी टिप, तिच्या भोकातून तार बाहेर येते, ठिणगी पडते, तार वितळते, लोखंड जोडलं जातं. फरक एकच, पण सगळं दुखणं त्यात आहे. शिवणयंत्र दोरा ओढतं. आमचं मशीन तार ढकलतं. घरी एकदा दोरा नळीतून ढकलून पाहा, म्हणजे माझी नोकरी इतकी वर्षं का टिकली ते कळेल.

तार कुठेही किंचित अडली तरी पुढे ठिणगी तिला खात जाते आणि टिपेलाच चिकटवून टाकते. मागे रोलर ढकलतच असतात, मग झाकणाच्या आत तारेचं गुंतवळ होतं. कारण काहीही असू शकतं. रोलर झिजलेला, टिप जळलेली, नळीतलं अस्तर, ज्याला आम्ही लायनर म्हणतो, ते धुळीने भरलेलं. साहिबाबादच्या एका गिऱ्हाइकाने मशीन भिंतीला इतकं खेटून ठेवलं होतं की नळी काटकोनात वाकली होती. तो दर महिन्याला मला बोलवायचा. मी मशीन हातभर पुढे ओढायचे आणि परत यायचे. त्याची आई सफाई करताना ते परत मागे ढकलायची.

हे गिऱ्हाईक आठवायचं कारण, दुसऱ्या एका आईची गोष्ट मला सांगायची आहे.

फरीदाबादच्या जुन्या औद्योगिक वस्तीत चड्ढा नावाचे एक गृहस्थ इस्पितळांसाठी लोखंडी खाटा बनवायचे. खाली कारखाना, वर घर. लेथ, प्रेस, ड्रिल ही सगळी मशीनं त्यांच्या वडिलांच्या वेळची. आमचं मशीन त्या वर्षी नवीन घेतलेलं. त्यावर काम करायचा ओमवीर, अलीगढकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याचं काम मी पाहिलेलं होतं. सरळ, एकसारखा टाका, जणू कोणी पट्टी ठेवून ओढलाय.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत फोन आला. मशीन सकाळी चालत नाही.

मी पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. मी राहते त्या द्वारकेहून फरीदाबाद म्हणजे दिल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाबाहेर, आणि वाटेत दुसरं एक गिऱ्हाईक करून यायचं. मशीन व्यवस्थित चालत होतं. ओमवीरने सकाळचे तुकडे दाखवले. जोडावर बारीक भोकं, मधे मधे तुटलेला टाका. इस्पितळाच्या माणसाने खाटा परत पाठवायला सुरुवात केली होती. खाट म्हणजे शेवटी त्यावर माणूस झोपणार.

लायनर काढला तर आत काळा, ओशट चिखल. हे नेहमीचं. कारखान्यातल्या लोकांना वाटतं की जे फिरतं त्याला तेल हवं.

"तेल डाला क्या इसमें, ओमवीर जी?"

"तेल नहीं डाला मैडम. कसम से."

मी लायनर बदलला, टिप बदलली, रोलर पुसले, चालवून पाहिलं. उत्तम.

आठवड्याभरात पुन्हा फोन. तीच तक्रार. मी पुन्हा दुपारी पोहोचले आणि मशीन पुन्हा उत्तम. रोलर जरासा बुळबुळीत लागला, तो पुसला. बाकी वीज, गॅस, अर्थिंग, सगळं तपासलं. काही नाही. यापुढचं बोलणं हिंदीत झालं, काही पंजाबीत. मी मराठीत लिहिते. जे तसंच लिहायला हवं ते तसंच ठेवते.

चड्ढा माझ्या डोक्याशी उभे होते. "मॅडमजी, मला एकच सांगा. मशीन या आदमी?"

"आत्ता तरी मशीनमध्ये दोष दिसत नाही."

"म्हणजे आदमी." ते ओमवीरकडे वळले, पण बोलत होते माझ्याशीच. "सकाळी याचा हात थरथरतो. दुपारपर्यंत उतरते, मग बरोबर चालतो. आधी प्यायचा, मॅडमजी. माझ्या आईने शपथ घालून सोडवली. पुन्हा सुरू केलेली दिसते. सोमवारी इस्पितळवाले माल न्यायला येणार. त्याआधी मला दुसरा वेल्डर बसवायला लागेल."

ओमवीरने हातमोजे चढवले, तोंडावर काच ओढली आणि पुढच्या खाटेकडे गेला.

मला ते खटकलं. वेल्डरवर ठपका आला की काय होतं ते मी खूपदा पाहिलंय. दोषी असला तरी ओरडतो, मशीनला शिव्या देतो, तारेला देतो, मला देतो. निर्दोष असला तर जास्तच. हा गप्प होता, आणि घाबरून गप्प बसलेल्या माणसासारखाही दिसत नव्हता. काहीतरी धरून ठेवल्यासारखा दिसत होता.

"चड्ढाजी," मी म्हटलं, "मी मशीन दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा दुपारी. आजार सकाळचा आहे. उद्या सकाळी बघते, मग सांगते."

"आठ वाजता शटर उघडतं."

"मी त्याच्या आधी येईन."

"या. चहा पिऊन जा. पण उत्तर उद्या द्या. आदमीचा हिशेब मी उद्याच करणार."

घरी येताना मी एकच विचार करत होते. सकाळी बिघडतं, दुपारी सुधारतं. विजेचा दोष असा वेळ बघून येत नाही. थंडीत घट्ट होणारं आणि उन्हाने सैल होणारं काहीतरी नळीत जातंय. ग्रीस असावं. पण ग्रीस कोणी टाकलं असतं तर मी नवा लायनर घातल्यावर ते संपायला हवं होतं. म्हणजे कोणीतरी रोज टाकतंय. ओमवीर स्वतःच्या पोटावर स्वतः पाय देईल, हे पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना नवरा म्हणाला, "एवढ्या धुक्यात? मशीन काय पळून जाणार आहे का?"

"मशीन नाही, माणूस जाणार आहे," मी म्हटलं. त्याने पुढे विचारलं नाही. थर्मास भरून दिला.

फरीदाबादला पोहोचले तेव्हा मोठं शटर बंद होतं, पण बाजूचं छोटं दार उघडं होतं आणि बाहेर ओमवीरची सायकल. आतून धुपाचा वास येत होता. मी आत गेले.

मशीनपाशी एक म्हातारी बाई उभी होती, चड्ढांची आई, जिला सगळे बीजी म्हणत. बारीक, ताठ, पांढरा दुपट्टा, एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्या हातात चमचा. ओमवीरने मशीनचं बाजूचं झाकण उघडून धरलं होतं.

"होर खोल, पुत्तर. मुँह पूरा खोल इसका."

आणि तिने चमचाभर तूप रोलरांच्या मधे, जिथे तार आत शिरते बरोबर तिथे सोडलं. सावकाश, तीर्थ द्यावं तसं. थंडीने तूप रवाळ झालेलं होतं, ते बोटाने आत लोटलं.

ओमवीरने मला पाहिलं. त्याने झाकण सोडलं नाही. फक्त मान किंचित हलवली, नको म्हणून.

"बीजी, सत श्री अकाल," मी म्हटलं. "हे कधीपासून?"

"तू कोण?"

"मशीनवाली. दुरुस्त करायला येते."

"चांगलं झालं आलीस," बीजी म्हणाल्या. "याची तब्येत ठीक नाही. मी रोज देते, तरी अंगी लागत नाही."

मी उलट्या बादलीवर बसले. त्यांनाही तिथलं एक स्टूल दिलं. मग हळूहळू सगळं कळलं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्या भागात विश्वकर्मा पूजा असते. कारखाने बंद, मशीनं धुऊन पुसून, टिळा लावून, लाल धागा बांधून. चड्ढांच्या वडिलांनी एक रीत पाडली होती. त्या दिवशी प्रत्येक मशीनला आधी घरचं तूप, मग तेल. जुन्या लेथला वर तेलाचं भोक असतं, छोट्या टोपीचं. प्रेसला असतं, ड्रिललाही. बीजींना ही सगळी भोकं पाठ होती. नवऱ्यामागे त्या हे करत आल्या होत्या, आणि लेथने कधी तक्रार केली नव्हती. या वर्षी नवीन मशीन आलं. त्याचं तोंड काही दिसेना. त्यांनी ओमवीरला विचारलं. ओमवीरला नाही म्हणवलं नाही. त्याने झाकण उघडलं.

मग मशीन बिघडलं. मुलाचं वर येऊन बोलणं बीजींनी ऐकलं. नवीन मशीन आजारी आहे म्हटल्यावर त्यांनी रोज द्यायला सुरुवात केली.

ही चूक झाली, यात वाद नाही. पण तिच्यात तर्क होता. त्या कारखान्यात आजवर जे काही फिरत होतं, ते सगळं वंगणावर फिरत होतं. कोरडं राहायला हवं असं हे पहिलंच मशीन त्या घरात आलं होतं. आणि ते कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी ओमवीरला तेलाबद्दल विचारलं होतं, त्याने तेलाबद्दल खरं उत्तर दिलं होतं.

"तर मग सांगितलं का नाहीत?" मी ओमवीरला विचारलं. "मालक तुम्हाला दारुडा म्हणतोय."

उत्तर बीजींनी दिलं. "मीच मना केलंय. पायरीवरून एकदा पाय घसरला माझा. तेव्हापासून माझा मुलगा, काके, म्हणतो, खाली यायचं नाही. टीव्ही बघा. अगं, या कारखान्यात मी लग्न होऊन आले तेव्हा इथे पत्र्याची शेड होती. तो उठायच्या आधी मी एक चक्कर मारून जाते. ओमवीर लवकर येतो. हात धरून उतरवतो, हात धरून चढवतो. एवढंच." मग एकदम, "दारुडा कोण म्हणतं?"

ओमवीर झाकण बंद करण्यात गढून गेला. ही गोष्ट बीजींपर्यंत पोहोचलेली नव्हती.

मी त्यांच्यासमोरच मशीन सुरू केलं. ओमवीरने एका तुकड्यावर टाका घातला. तार अडखळली, ठिणगी फटफटली, आणि वास आला. बेरीचा. तूप कढवताना पातेल्याच्या तळाशी जे करपतं, तोच. बाई म्हणून ओळखला असं कोणी समजू नये. आमच्याकडे तूप माझा नवरा कढवतो. मुलीला तर बेरी हा शब्दच ठाऊक नाही, दिल्लीत वाढलेली आहे. तुकडा थंड झाला तसा जोड दाखवला. भोकंच भोकं.

"बीजी, याला तूप पचत नाही."

त्यांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मग काय खातं?"

"कोरडी तार. बाकी काही नाही. पाणीही नको."

"नुसती तार?"

"नुसती तार."

"हाय रब्बा," त्या म्हणाल्या. "केवढी सुकी जात."

तेवढ्यात शटर वर गेलं. चड्ढा आत आले, आधी मला पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या आईला.

"बीजी? आप नीचे?"

बीजींनी वाटी दुपट्ट्याखाली घेतली होती.

चड्ढांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "मॅडमजी, सांगा. मशीन या आदमी?"

"दोन्ही ठीक आहेत."

"मग?"

माझे वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे कर्ता गाळून वाक्य कसं करायचं हे मी घरातच शिकले. मी म्हटलं, "रोलरवर स्निग्ध पदार्थ आढळला आहे. थंडीत गोठतो, उन्हाने पातळ होतो. म्हणून सकाळचा बिघाड."

"कोणी टाकला?"

मी थर्मासचं झाकण फिरवत बसले. ओमवीर खाली बघत होता. माझ्या डोक्यात दोन्ही बाजू होत्या. नाव घेतलं तर बीजींचं खाली येणं कायमचं बंद. नाही घेतलं तर ओमवीर त्याच सायकलवरून घरी. आणि ज्याचं काम मला माहीत होतं, त्याला मी जाऊ देणार नव्हते. मी तोंड उघडलंच होतं.

"मैंने खिलाया," बीजी म्हणाल्या, आणि वाटी काढून पुढे धरली. "घी. रोज. इसको कुछ मत कहना."

चड्ढा जवळच्या अर्ध्या जोडलेल्या खाटेच्या चौकटीवर बसले. वाटीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. रागावतील असं मला वाटलं, पण त्यांचा आवाज निघाला तो वेगळाच.

"आप गिर जातीं तो?"

"गिरती कैसे? ये पकड़ता था."

चड्ढा ओमवीरकडे वळले. ज्याचा सकाळी हात थरथरतो असं ते कालपर्यंत म्हणत होते, त्या माणसाकडे.

"तूने बताया क्यों नहीं?"

"बीजी ने मना किया था."

"मी आज तुला काढणार होतो."

"हाँ जी," ओमवीर म्हणाला. "मालूम था."

चड्ढांनी माझ्यासाठी चहा मागवला, ओमवीरसाठीही मागवला आणि स्वतः उठून त्याला दिला. मी लायनर बदलला, रोलर काढून धुतले, तुपाचा हात लागलेलं तारेचं रीळ बाजूला काढलं, नवं चढवलं. झाकणाला कुलूप बसवावं का, असं चड्ढांनी विचारलं. मी म्हटलं, गरज नाही, आता त्यांना माहीत आहे. सदोष जोड ओमवीरने घासून पुन्हा भरले. सोमवारी माल सगळा गेला नाही, थोडा मागाहून गेला. इस्पितळवाले कुरकुरले आणि घेऊन गेले.

नंतरच्या सर्व्हिसला गेले तेव्हा जिन्याला नवा पाइपचा कठडा दिसला, खालपासून वरपर्यंत. जोड बघितले. सरळ, एकसारखे. कोणाचे, ते विचारायची गरज नव्हती. बीजी दिवसाढवळ्या खाली बसल्या होत्या, लेथजवळ उन्हात, आणि पॅकिंगवाल्या पोरींना सांगत होत्या की खाटेला कागद नीट गुंडाळा, नुसता अंगावर टाकू नका.

आता माझी मशीनं बोलकी झाली आहेत. पडद्यावर आकडा येतो, गिऱ्हाईक फोटो पाठवतं, मी द्वारकेत बसून सांगते की तिसरा भाग बदला. बहुतेक वेळा बरोबर निघतं. जाणं-येणं वाचतं, धुकं वाचतं. वासाचा मात्र अजून आकडा निघालेला नाही, आणि घरातल्या कोणत्या माणसाला खाली यायला मनाई आहे, हे तो पडदा सांगत नाही. नव्या मुलांना मी एवढंच शिकवते की तक्रार ज्या वेळची असेल त्या वेळी जा. ते मान हलवतात आणि अकरा वाजता निघतात.

त्या प्रसंगानंतर पुढच्या वर्षी विश्वकर्मा पूजेला चड्ढांनी मुद्दाम बोलावलं. सुट्टी होती, गेले. लेथला तूप मिळालं, प्रेसला मिळालं, ड्रिलला मिळालं. बीजी आमच्या मशीनपाशी आल्या. बाहेरून टिळा लावला, मुठीला लाल धागा बांधला, आणि झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ओमवीर दोन पावलं मागे, झाकणाच्या जवळपासही नाही.

"सुकी है, सुकी रहने दो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून एक झाकणाचा डबा माझ्या हातात दिला. "इसका हिस्सा तू ले जा. तूही हिच्यासारखीच आहेस, हाडं दिसतात."

तो डबा मी टूलबॅगेत ठेवला नाही. पुढच्या सीटवर ठेवला, सीटबेल्ट लावून, आणि द्वारकेपर्यंत गाडी हळू चालवली.